मदत हवी आहे : वाचनालयाच्या वेब इंटरफेसचं लोकल सेटअप. सेव्ह केलेला बदल दिसत नाही, लॉगिनला ४०३ (सर्व्हरचा नकार) येतं

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची ऑनलाइन आणायचं काम एका स्वयंसेवकाने सुरू केलं होतं. नोकरीसाठी तो बाहेरगावी गेला आणि काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवते. जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं, सर्व्हरची बाजू मात्र मला नवी आहे. दाखल नोंदवहीतल्या नोंदी दोन निवृत्त काका रोज दुपारी बसून भरणार आहेत, त्यामुळे पडदा त्यांना वाचता येईल असा व्हायला हवा. त्यासाठी आधी माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालायला हवं.

मागची (सर्व्हरची) बाजू जँगो ४.२ ची आहे, पुढची रिअ‍ॅक्ट आणि व्हीट ५ ची (व्हीट म्हणजे काम करताना पान ब्राउझरला पुरवणारं साधन). विंडोज १०, ८ जीबी रॅम, डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू २२.०४. ॲप्टने नोड १२ (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बसवलं, त्यावर व्हीट चालेना. एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या बदलायचं साधन) नोड २० घेतलं आणि ते मिटलं. आता दोन ठिकाणी अडले आहे.

पहिलं. शोधाच्या बटणावर 'सर्च' होतं, ते मी 'शोधा' केलं आणि फाइल सेव्ह केली. ब्राउझरमध्ये 'सर्च'च. पान रिफ्रेश केलं तरी तेच. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबून सर्व्हर थांबवला, पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे 'शोधा' उमटलं. दर बदलाला हेच करावं लागतंय. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्समध्ये आहे, उबुंटूतून मी तिथेच जाऊन कमांड देते. एनपीएम इन्स्टॉललाही तिथे ११ मिनिटं लागली.

दुसरं. पुस्तकांची यादी व्यवस्थित येते, पण लॉगिन केलं की ४०३. पासवर्ड बरोबर आहे, कारण ८००० पोर्टवरच्या जँगो ॲडमिनमध्ये त्याच पासवर्डने आत जाता येतं. व्हीट ५१७३ वर आहे आणि एपीआयच्या विनंत्या प्रॉक्सीने (मधल्या दुव्याने) १२७.०.०.१:८००० कडे, म्हणजे जँगोकडे, जातात. कॉर्सचं (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला परवानगी देणारं) पॅकेज टाकून पाहिलं, काही फरक नाही.

नुसती ओळ देऊ नका, असं का होतं तेही सांगा. पुढे हे कुणाला तरी मलाच शिकवायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, पहिल्याचं कारण फाइल कुठे ठेवली आहे यात आहे. फाइल बदलली की लिनक्सचा कर्नल आयनोटिफाय नावाच्या सोयीतून तसं कळवतो, आणि व्हीट त्या निरोपाची वाट बघत असतं. डब्ल्यूएसएल २ मध्ये सी ड्राइव्ह हा जोडून घेतलेला परका ड्राइव्ह असतो. विंडोजच्या एडिटरने तिथे सेव्ह केलं तर तो निरोप उबुंटूपर्यंत येतच नाही. ११ मिनिटांचं कारणही हेच. नोड मॉड्यूल्समध्ये हजारो बारीक फाइली असतात आणि एकेक फाइल विंडोज-उबुंटूची सीमा ओलांडून लिहावी लागते.

व्हीटच्या कॉन्फिगमध्ये पोलिंग चालू केलं तर बदल दिसायला लागतील. पण मग ते सतत प्रत्येक फाइल तपासत बसतं, ८ जीबीच्या लॅपटॉपवर नको. प्रोजेक्ट उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये न्या आणि व्हीएस कोडचं डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन घालून तिथूनच उघडा. नेताना कॉपी-पेस्ट मात्र करू नका, आधी सगळं गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करून पुश करा आणि उबुंटूत नव्याने क्लोन घ्या. विंडोजच्या गिटने ओळींची टोकं बदललेली असतात. तशीच कॉपी केलीत तर एक अक्षरही न बदलता बहुतेक सगळ्या फाइली बदललेल्या दिसतील.

प्रतिसाद २

४०३ बद्दल. हे कॉर्स नाही, सीएसआरएफ आहे, म्हणजे दुसऱ्याच साइटवरून तुमच्या नावाने खोटी विनंती येऊ नये म्हणून जँगो करतं ती तपासणी. प्रॉक्सी असताना ब्राउझरच्या दृष्टीने सगळं ५१७३ वरच चाललेलं असतं, तेव्हा कॉर्सचं पॅकेज काढून टाका. यादी ही गेट (फक्त वाचणारी) विनंती, तिला सीएसआरएफची तपासणी नसते. लॉगिन पोस्ट (माहिती पाठवणारी) आहे, तिला असते. जँगो ४.० पासून अशा विनंतीत ओरिजिन हेडर (विनंती कुठल्या पत्त्यावरच्या पानातून निघाली) असेल तर तो होस्टशी (ती कुठल्या पत्त्याला पाठवली) जुळवून पाहिला जातो. तुमच्या प्रॉक्सीत चेंज-ओरिजिन ट्रू आहे का? असेल तर होस्ट बदलून १२७.०.०.१:८००० होतो आणि ओरिजिन लोकलहोस्ट:५१७३ च राहतो. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून नकार. नेटवर्क टॅबमध्ये त्या विनंतीचा रिस्पॉन्स उघडा, डीबग चालू असेल तर जँगो कारण तिथेच लिहून देतं.

चेंज-ओरिजिनची ओळ काढलीत तरी पुरेल. नाहीतर सेटिंग्जमधल्या सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये लोकलहोस्ट:५१७३ घाला, पुढे एचटीटीपी सकट. ४.० पासून ते लागतंच.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. रिस्पॉन्स उघडला तर 'ओरिजिन चेकिंग फेल्ड' अशी स्वच्छ ओळ होती, चार दिवस मी फक्त लाल ४०३ बघत होते. चेंज-ओरिजिन काढलं आणि लॉगिन झालं. क्लोनही होम फोल्डरमध्ये घेतला, तिथे इन्स्टॉल मिनिटभरात झालं. 'शोधा'चं 'पुस्तक शोधा' केलं, सेव्ह केलं आणि मान वर करेपर्यंत बटण बदललेलं होतं.

हाच मार्ग कुणी घेणार असेल तर एक सांगते. क्लोननंतर यादीच्या जागी 'नो सच टेबल' आलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण १४०० नोंदी होत्या. एसक्यूलाइटची (डेटाबेसची) फाइल आणि डॉट-ईएनव्ही (सेटिंग्जची फाइल) या दोन्ही गिटमध्ये नव्हत्या, जुन्या फोल्डरमध्येच राहिल्या होत्या. हाताने आणून ठेवल्यावर सगळं परत आलं. जुना फोल्डर घाईने उडवू नका.

नोडची आवृत्ती आता डॉट-एनव्हीएमआरसी फाइलमध्ये लिहून ठेवली आहे आणि सगळ्या पायऱ्या रीडमीमध्ये मराठीत उतरवल्या आहेत. नमुना म्हणून ५० पुस्तकं जँगोच्या डम्पडेटाने (नोंदी फाइलमध्ये काढणारी कमांड) वेगळी काढायची आहेत, म्हणजे नव्या माणसाला वाचकांची नावं असलेला खरा डेटाबेस द्यावा लागणार नाही. डम्पडेटा आख्खं मॉडेलच (म्हणजे सगळं टेबल) देतं, आणि मला निवडक ५० हवी आहेत. हे कुणी केलं आहे का?

प्रतिसाद २

डम्पडेटाला पीकेएस हा पर्याय असतो. मॉडेल एकच द्या आणि हव्या त्या नोंदींचे क्रमांक स्वल्पविराम देऊन लिहा. लेखकांचं टेबल वेगळं असेल तर ते स्वतंत्र काढा आणि लोडडेटाला (नोंदी परत भरणारी कमांड) दोन्ही फाइली एकदमच द्या.