नवीन जोडलेला पीसी सारखा रिस्टार्ट होतोय, लोडवर मात्र ठणठणीत! मदत हवी आहे

आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडला. पहिल्या बूटला चांगली तीन-चार मिनिटं स्क्रीन काळीच होती, तेव्हा काहीतरी जाळलं असंच वाटलं. मग कळलं की डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग (पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चाललं होतं. विंडोज चढलं, कॉलर ताठ करून बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन मनाला येईल तेव्हा रिस्टार्ट व्हायला लागलं.

रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन रॅम, एक टीबी एनव्हीएमई, आठ पिनांची एकच केबल लागणारं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). सगळं कोरं.

होतं असं की स्क्रीन एकदम काळी होते आणि लगेच मदरबोर्डचा लोगो येतो. विंडोजची एररची निळी स्क्रीन नाही. विंडोजच्या सेटिंगमधली आपोआप रिस्टार्टची खूण काढून बघितली, तरी ती दिसत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दर वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद, आणि आत बगचेककोड ०, म्हणजे एररचा कोडच नाही.

आता डोकं फिरवणारी गोष्ट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकदम दोन तास स्ट्रेस टेस्ट (पूर्ण ताण देणारी चाचणी) लावून जेवायला गेले, काही झालं नाही. तापमान ८० च्या आत. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही एरर नाही. आणि सकाळी साधी मेल लिहिताना अर्ध्या तासात तीनदा रिस्टार्ट!

एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद केलं. बायॉस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. रॅम काढून पुन्हा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. प्रोसेसरजवळची आठ पिनांची केबल टक् आवाज येईपर्यंत दाबली. भिंतीवरचा सॉकेटही बदलला. एसएमपीएस बदलून मागू का?

प्रतिसाद:
कर्नल-पॉवर ४१ म्हणजे एसएमपीएसच. पण बदलून मागण्याआधी बायॉसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधा आणि 'टिपिकल करंट आयडल' करा. काही एसएमपीएसना रिकाम्या बसलेल्या रायझनचा अगदी कमी करंट झेपत नाही. लोडवर चालतो आणि निवांत असताना पडतो, हे लक्षण जुळतंय.

धागाकर्ती:
केलं. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. :(

प्रतिसाद:
एसएमपीएसला इतक्यात फासावर देऊ नका. ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. कोड ० म्हणजे त्याला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. वीज गेली तरी तेच दिसणार आणि कोणी रिसेट दाबलं तरी तेच.

रिस्टार्ट होताना कॅबिनेटचे पंखे क्षणभर तरी थांबतात का, तेवढं बघून सांगा. वीज तुटत असेल तर वेग मरतो, बऱ्याचदा खटका पडल्यासारखा आवाजही येतो. नुसता रिसेट असेल तर पंखे फिरतच राहतात. आणि कॅबिनेट ठेवलंय कुठे? टेस्ट चालू असताना तुम्ही टेबलापाशी होतात का?

धागाकर्ती:
मोबाईलवर व्हिडिओ काढला. पंखे अजिबात थांबत नाहीत! कॅबिनेट टेबलाखाली, उजव्या गुडघ्याशी. टेस्टच्या वेळी खोलीत कोणी नव्हतं. मेमटेस्टच्या वेळी तर मी झोपले होते.

प्रतिसाद:
मग मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून 'रिसेट एसडब्ल्यू' लिहिलेली दोन पिनांची वायर (कॅबिनेटच्या रिसेट बटणाची) उपसून ठेवा आणि दिवसभर नेहमीसारखं काम करा. पॉवरची वायर तशीच राहू द्या.

धागाकर्ती:
काल सकाळपासून एकदाही रिस्टार्ट नाही. खात्री करायला वायर परत लावली आणि गुडघ्याने कॅबिनेटला मुद्दाम टपल्या मारल्या. तिसऱ्या टपलीला लोगो हजर. पुढचं पॅनल काढलं तर रिसेटचं इवलंसं बटण प्लास्टिकच्या कडेखाली तिरकं अडकलेलं, जवळजवळ दाबल्यातच जमा. आणि मी इकडे लोड आणि निवांत याचं गणित मांडत बसले होते. फरक मी खुर्चीत असण्या-नसण्याचा होता.

एक्स्पो परत चालू केलंय, रॅम ६००० च्या वेगावर व्यवस्थित चालतेय. रिसेटची वायर आता लावतच नाही, बटण कधी लागलंच नव्हतं. तिचं टोक टेपने गुंडाळून आत सोडलं तर चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल. फक्त पंख्याच्या पात्यात जाणार नाही अशी बांधा, नाहीतर उद्या 'पीसीतून टरटर आवाज येतोय' म्हणून नवा धागा काढाल.