जुनं लाइट वायरिंग बदलायचंय, छतातल्या जुन्या पॉइंटचं काय करू?

सोलापुरात साखर पेठेत आजोबांच्या काळातलं घर आहे, वायरिंग लाकडी पट्टीवरचं, हात लावला की वरचं रबर भुगा होऊन पडतंय. हॉलमध्ये झुंबराचा पॉइंट न् दोन होल्डर नुसतेच लोंबकळतायत. पीओपी मारून बुजवून टाकू का?

> बुजवू नका हो! आधी बोर्डातूनच ती वायर काढायला सांगा, नुसती टेप गुंडाळून वर पीओपी मारला तर आत करंट तसाच राहतोय. वायर निघत नसेल तर टोकं कनेक्टरात घालून बॉक्समध्ये ठेवा न् वर स्क्रूची गोल प्लेट, उद्या उघडता तरी येतंय. पांढरा रंग मारला की दिसत पण नाही.

> लाइटला १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, प्लगला २.५. हिरवी अर्थिंगची प्रत्येक पॉइंटला ओढून घ्याच, जुन्या घरात ती नसतेच बहुतेक. ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) पण बसवा, वायरमन "काय गरज नाही ओ" म्हणतंय, ऐकू नका. आणि पंख्याचा हुक कापू नका.

> काम उन्हाळ्यात काढू नका राव, मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद ठेवून बघा!