रविवारच्या मिस्साला कीबोर्ड कोण वाजवणार?

सुजान: सगळ्यांना एक सांगायचंय. येत्या रविवारी सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कीबोर्ड मी वाजवणार आहे. नेहमीच्या ताई बाळंतपणासाठी माहेरी गेल्यात, म्हणून फादरांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. आता नुसतं आठवलं तरी बोटं गार पडतात. क्लासच्या परीक्षेला असं होत नाही. घरी सगळी गाणी नीट येतात.

आई: कालपासून हिचं जेवणात लक्ष नाही.

मावशी: अगं बाळा, प्रार्थना कर आणि बस वाजवायला. देव सांभाळून घेतो. मी रोज रोझरीची जपमाळ म्हणताना तुझं नाव घेईन.

दादा: मावशी, राग मानू नकोस, पण थरथरणारे हात प्रार्थनेने थांबत नाहीत. त्याला सराव लागतो. आणि एवढी प्रार्थना करूनही काही चुकलं, तर ही म्हणणार देवाने माझं ऐकलं नाही. ते जास्त वाईट.

मावशी: सराव नको असं मी कुठे म्हटलं?

सुजान: दादा, मला तेच विचारायचं होतं. मागायचं तरी काय? माझ्या तोंडात फक्त ‘चुकू देऊ नकोस’ एवढंच येतं. ते म्हटलं की चुकाच डोळ्यांपुढे नाचतात.

काका: सुजान, मी बरीच वर्षं वेदीच्या बाजूला बसून पेटी वाजवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘चुकू देऊ नकोस’ ही प्रार्थना काही वाईट नाही. पण ती तुझ्यापाशीच फिरत राहते. तुझी बोटं, तुझी लाज, लोक तुला काय म्हणतील. मिस्सात वाद्य असतं ते लोकांना गाता यावं म्हणून. मग मागणंही लोकांसाठी असू दे. ‘प्रभू, या सगळ्यांना आज मनापासून गाऊ दे, आणि त्यासाठी माझे हात वापर.’ एवढं म्हण आणि पहिला सूर लाव. ही प्रार्थना करणारीला मधेच एखादा सूर हुकला म्हणून देवाने पाठ फिरवली असं वाटत नाही, कारण समोर लोक गातच असतात. तिने जे मागितलं ते तिच्या कानांवर पडत असतं.

दादा: म्हणजे भीती जाऊ दे असं मागायचंच नाही?

काका: मागायचं की. बायबलमध्ये प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, चिंता करत बसू नका, सगळं देवाला कळवा. त्या सगळ्यात तुझी भीतीही आली. पुढे तो देवाची शांती तुमचं मन राखील असं म्हणतो. मागितलेलं जसंच्या तसं मिळेल, असं वचन त्या ओळींत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला फार मोकळं वाटलं होतं.

आई: आजी सांगतेय ते लिहिते. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादरांची पाठ लोकांकडे. ती म्हणते, मराठीत पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून गायलं तेव्हा रडू आलं होतं. म्हणे, सुजानला सांग, आम्ही मोठ्याने गाऊ, तू घाबरू नकोस.

काका: आजीचं बरोबर आहे. रोममध्ये जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज आला. लोकांनी मिस्सात नुसतं बसून न राहता भाग घ्यावा, यावर त्यात सगळा भर आहे. पाइप ऑर्गनचा मोठा मान त्यात राखलाय, पण योग्य ठरतील ती इतर वाद्यंही चालतील असं म्हटलंय. पेटी, तबला, आता तुझा कीबोर्ड, सगळे त्या दारातून आत आले.

आणि हा ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे हे विसरू नकोस. या काळात वाद्य फक्त गाण्याला आधार द्यायला वाजवायचं असा नियम आहे. चौथा रविवार आणि मोठे सण सोडले तर नुसतं वादन नाही. ग्लोरिया, आलेलुया ही स्तुतीगीतंही गायची नाहीत. पहिल्यांदा वाजवणारीसाठी याहून चांगला काळ नाही. नुसता आधार द्यायचाय.

सुजान: हे मला माहीतच नव्हतं! मी प्रवेशगीताच्या आधी मोठा तुकडा बसवत होते.

काका: तो ईस्टरनंतर वाजव, मी ऐकायला पुढच्या बाकावर येईन. रविवारी फक्त शेवटची ओळ वाजवून सूर दे, लोक उचलतात.

दादा: सराव म्हणजे काय काय करायचं, तेही सांगा तिला.

काका: ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवणारं बटण, शून्यावर आहे ना ते बसल्याबसल्या बघ, कारण आदल्या संध्याकाळी कोणीतरी वाजवून गेलेलं असतं. स्तोत्र एक सूर खाली घे, सकाळी लोकांचे गळे उघडलेले नसतात. अर्पणगीत चालू असताना नजर वेदीवर ठेव. फादर हात धुवायला वळले की चालू कडवं संपवायचं, नवीन धरायचं नाही. हात थरथरू लागले तर डावा हात काढून घे, उजव्याने नुसती चाल वाजव. लोकांच्या गाण्यात ते कळतसुद्धा नाही. लोक ओढत गायला लागले तर त्यांच्या मागे जा, भांडू नकोस. आणि कम्युनियननंतर, म्हणजे लोकांनी ख्रिस्तप्रसादाची भाकर घेतल्यावर, शांतता झाली की ती भरून काढायला वाजवत बसू नकोस. ती वेळ तुझी पण आहे. ख्रिस्तप्रसाद घ्यायला आधी जायचं की शेवटी, ते क्वायरला, म्हणजे गाणाऱ्या मंडळींना, आधीच विचार. वाजवणाऱ्याचं नेमकं तेच राहून जातं, आणि मला ते नेहमी खटकतं.

मावशी: हे फार छान सांगितलंत. मी वाजवणाऱ्याचा असा विचारच केला नव्हता.

काका: हायडन मोठा संगीतकार, कॅथलिक होता. आपल्या हस्तलिखितांच्या सुरुवातीला ‘प्रभूच्या नावाने’ आणि शेवटी ‘देवाची स्तुती’ असं लॅटिनमध्ये लिहायचा. काम अडलं की हातात रोझरी घेऊन खोलीत फेऱ्या मारायचा, असं त्याच्या पहिल्या चरित्रकारांपैकी एकाने नोंदवलंय. प्रार्थना झाली की पुन्हा कामाला बसायचा. दादाचा सराव आणि मावशीची रोझरी, दोन्ही आलं त्यात.

दादा: मान्य. मी शनिवारी तिला कीबोर्ड उचलायला मदत करतो.

सुजान: थँक यू सगळ्यांना. काका, स्तोत्र पांढरी चार पट्टीतून बसवलंय, मग पांढरी तीन घेऊ का?

काका: थोडी अजून खाली, पांढरी दोन. शनिवारी क्वायरच्या सरावाला लवकर ये, सगळ्यात आधी तेच घेऊ. वहीत कडव्यांचे आकडे पेन्सिलने टाकून आण.