मंगळवारी पहाटे उठायचं, अन् चॅम्पियनच नाही?

जागलीवाला (यवतमाळ जिल्हा)

सोयाबीन शेंगांवर आलं की आमच्याकडे जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातो, म्हणून माळ्यावर बॅटरी, फटाके अन् मोबाइल घेऊन रात्र काढावी लागते. भावाभावांत पाळ्या आहेत. सोमवारची पाळी मी मागून घेतो, त्यामुळे घरचे मला मोठा कष्टाळू समजतात. खरं कारण हे की अमेरिकेत सोमवारी रात्री आठला डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीचा रॉ हा शो लागतो तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे साडेपाच झालेले असतात. हिवाळ्यात ते लोक घड्याळ मागं करतात, मग साडेसहा. डुकरं जंगलात परतलेली, तांबडं फुटलेलं, अन् माळ्याच्या एका कोपऱ्यात खुंटीला फोन टांगला की रेंजच्या दोन कांड्या येतात. तिसरी आजवर आली नाही.

एवढी खटपट करून दोन-अडीच तास पाहायचं, दिवसाचा दीड जीबी संपवायचा, अन् ज्याच्या खांद्यावर चॅम्पियनचा मोठा पट्टा आहे तोच गैरहजर! माझं म्हणणं साधं आहे. चॅम्पियन दर आठवड्याला दिसलाच पाहिजे. कुस्ती नको खेळू. ये, माइक घे, दोन शब्द बोल, पट्टा दाखव, जा.

ब्रॉक लेसनरनं एप्रिल २०१७ मध्ये गोल्डबर्गकडून युनिव्हर्सल पट्टा घेतला तो ऑगस्ट २०१८ पर्यंत सोडला नाही. पाचशेच्या वर दिवस झाले. त्यातले सोमवार किती? त्याच्या वतीनं पॉल हेमन यायचा, वकील म्हणून. आमच्या कोर्टातसुद्धा कधीतरी पक्षकाराला हजर करा म्हणतात. मग रोमन रेन्स. ३० ऑगस्ट २०२० ते ७ एप्रिल २०२४, म्हणजे १३१६ दिवस. सुरुवातीला गडी नेमानं यायचा, तक्रार नाही. पण एप्रिल २०२२ मध्ये लेसनरला पाडून दुसराही पट्टा घेतला, अन् पुढं येणं कमी कमी होत गेलं. रॉ अन् स्मॅकडाउन, दोन्ही शोचे मोठे पट्टे एकाच घरात. शेवटी २०२३ मध्ये कंपनीला नवीन वर्ल्ड हेवीवेट पट्टा काढावा लागला, तो रॉकडे आला अन् सेथ रॉलिन्सनं जेद्दाहला जिंकला. नवीन पट्टा काढला, हीच कबुली नाही का?

लाल_माती

कबुली-बिबुली काही नाई भाऊ. तुमी दंगल पाह्यली नाई वाटते.

आमच्या गावात तान्ह्या पोळ्याच्या मांगून दंगल भरते. दुपारी बारापासून लहान पोट्टे रेवड्यांवर लढतात, मंग नारळाच्या कुस्त्या, मंग शंभर-पाचशेच्या. डफडं वाजून राह्यलं, पंच वरडून राह्यले. अन् ज्याच्यासाठी सारं गाव लोटलं तो पैलवान कुठं असते? पाटलाच्या ओसरीवर तोंडावर दुपट्टा घेऊन झोपला असते. लहानपणी मी एकदा चोरून पाहाले गेलतो. मले फक्त पाय दिसले. खाटेच्या बाहेर आलेले, टाचांच्या भेगांत वाळलेली लाल माती. दिवस बुडता बुडता तो आला, आखाड्याले एक चक्कर मारला, मातीची चिमूट कपाळाले लावली, अन् झाडावरचे लोकं झाडावरच उभे झाले. हाच गडी बारापासून भोंग्यावर बोलत बसला असता तं चारपर्यंत मैदान खाली झालं असतं.

महाराष्ट्र केसरी १९६१ पासून हाय. गदा मारनारा काही दर मंगळवारी गदा दाखवाले येत नाई. तरी चावडीवर कोनालेही इचारा, गदा कोनाकडं हाय ते सांगते.

अन् तुमच्या अमेरिकेतही पह्यले असंच होतं. एनडब्ल्यूए म्हंजे तिथली जुनी कुस्ती संघटना, तिचा चॅम्पियन, हार्ली रेस म्हना का रिक फ्लेअर, वेगवेगळ्या इलाख्यांत फिरे. एका इलाख्याच्या वाट्याले वर्सातून थोडकेच दिवस येत. तिथला पैलवान त्याच्यासाठी महिनोन्‌महिने तयारी करे, अन् लोकंही. वाट पाहणं हाच तं खेळ हाय.

बोंडअळी

काका, ती खरी कुस्ती. ही नुरा कुस्ती. कोण पडणार ते आधीच ठरलेलं. ज्याला पडायचंच नाही असं ठरलंय त्याला दर आठवड्याला यायला काय धाड भरली?

लाल_माती

नुरा कुस्तीतबी हाड खरंच असते लेका. तो रॉलिन्स, जागलीवाल्याचा लाडका, तो येत होता ना दर सोमवारी? १५ जानेवारी २०२४ ले रॉवर त्याची आपल्या जिंदर महालसोबत जोड लावली. पट्टा तर वाचला, गुडघा गेला. लिगामेंट फाटलं, गुडघ्यातली गादीही फाटली. वर्साचा सर्वात मोठा मेळा रेसलमेनिया अडीच महिन्यांवर, अन् चॅम्पियन लंगडत. नेमाची हजेरी म्हनतात ते हेच.

राईट_रेडर

गुडघ्याचं बोलताच आहात तर खांद्याचंही बोला. रिया रिपली २०२३ च्या रेसलमेनियात चॅम्पियन झाली अन् एक वर्षाच्या वर राहिली. एप्रिल २०२४ मध्ये रॉवर लिव मॉर्गननं बॅकस्टेजला तिला झोडपलं. धड कुस्तीही नव्हती ती. खांदा गेला अन् पुढच्याच आठवड्यात पट्टा परत द्यावा लागला. तेव्हा काकांचं खरं आहे.

पण मला दुसरंच खटकतं. मी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळते, त्यामुळे बायकांच्या मॅच आधी पाहते. बायकांच्या चॅम्पियननं दर आठवड्याला यायचं, त्यात विशेष काय? ती आली नाही तर बातमी होते. लेसनर तीन महिन्यांनी आला की जत्रा भरते. आमच्या घरी वावरातही हेच आहे. आई रोज निंदायला जाते त्याचं काही नाही. मोठे बाबा महिन्यातून एकदा धुऱ्यावर उभे राहिले की चहा, पाणी, खुर्ची.

खेळायला लावू नका, पण यायलाच पाहिजे. आमची कॅप्टन घोट्याला पट्टी बांधून मैदानाच्या बाजूला बसते ना.

बोंडअळी

धुऱ्यावरची खुर्ची 😂

मंडईचा_पडदा (गडचिरोली)

मी झाडीपट्टीतला, पूर्व विदर्भातला, म्हणून मला हा वाद नाटकासारखा दिसतो. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, होळीपर्यंत नाटकं. वडसा हे कंपन्यांचं माहेर. रात्री दहाला पडदा वर गेला की उजाडेस्तोवर. आता पोस्टरवर मोठा फोटो कोणाचा असतो? मुंबई-पुण्याहून आणलेल्या कलाकाराचा. तो दोन प्रवेश करतो, एक मध्यरात्रीच्या आधी अन् एक नंतर, आणि गाडीत बसून जातो. तिकीट त्याच्या नावानं खपतं हे खरं आहे, कबूल.

पण रात्रभर नाटक ओढतो तो आमचा झाडीचा नायक. आज या गावात, उद्या चाळीस किलोमीटरवर, घसा बसलेला, गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करतो अन् दुसऱ्या अंकाला उभा राहतो. गेल्या हंगामात आमच्या गावात तो पोस्टरवाला आलाच नाही. गाडी बिघडली म्हणे. लोकांनी खुर्च्या उचलल्या होत्या. नायकानं मंडपात उतरून हात जोडले, मायबाप हो बसा, अन् पहाटे पाचला त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून म्हणतो, पाहुण्याला पाहुणा म्हणा, मोठं मानधन द्या, फोटो मोठा लावा. पण पट्टा त्याच्या खांद्यावर देऊ नका. पट्टा घसा बसलेल्याचा आहे.

लेसनरवर माझा राग नाही. तो पट्ट्याविनाही तिकीट खपवतोच की.

पत्तेवाला_९८

हे पटण्यासारखं आहे, पण रोज दिसण्याचं टोक कुठं जातं ते आमच्या पिढीनं पाहिलं आहे.

आमच्याकडे तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) पत्त्यांचा जोर होता. उंची, वजन, छाती, रँक. रँक एकचा पत्ता पूर्ण गड्डीत एकच, अन् तो ज्याच्याकडे त्याच्याशी कोणी भांडत नसे. मी एका पत्त्यापायी नवीन कंपासपेटी दिली आहे, घरी अजून माहीत नाही. त्याच काळात, १९९९ साली, खरा पट्टा वर्षभरात डझनभर वेळा हात बदलून आला. ४ जानेवारीला रॉवर मॅनकाइंडनं रॉककडून घेतला तिथून सुरुवात. सप्टेंबरमध्ये तर मालक व्हिन्स मॅकमॅहनच चॅम्पियन झाला! दर आठवड्याला चॅम्पियन दिसायचा, फक्त कोण ते पाहावं लागायचं. टीव्हीवरच्या चढाओढीपायी पट्ट्याचा असा भाजीबाजार झाला.

दुसरी गोष्ट खलीची. जुलै २००७ मध्ये दलीपसिंग राणा, म्हणजेच खली, वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा गावात ज्याच्या घरी केबल होतं त्याच्या ओसरीवर चपला मावत नव्हत्या. पहिले दोन आठवडे. तो येत राहिला, आम्ही पाहत राहिलो, अन् हळूहळू लक्षात आलं की डोंगर लांबून डोंगर दिसतो. सप्टेंबरमध्ये बटिस्टानं पट्टा घेतला तेव्हा ओसरीवर आम्ही तिघंच होतो, त्यातला एक त्या घरचाच. जास्त दाखवल्यानं माणूस मोठा होतोच असं नाही.

जागलीवाला

खलीचं ओसरीवर पाहिलेलं मलाही आठवते, पण तो दोष हजेरीचा नाही. रोज आल्यावर ज्याचं पाणी दिसते, त्याला पट्टा दिलाच कशाला?

आता माझं ऐका. लेसनरला ऑगस्ट २०१८ मध्ये समरस्लॅम या मोठ्या मेळ्यात पाडलं ते रेन्सनंच. अन् दुसऱ्याच रात्री रॉवर फिन बॅलरसमोर पट्टा लावला. त्यानंतर रेन्स नेमानं दिसत होता. मग २२ ऑक्टोबरला आला, नेहमीचे डायलॉग नाहीत, स्वतःचं खरं नाव जो सांगितलं, म्हणाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, परत आला आहे. पट्टा रिंगच्या मधोमध ठेवला अन् निघून गेला. मी तेव्हा शहरात रूमवर होतो, कॉलेजला. आम्ही चौघं पाहत होतो, त्यातला एक पोट्टा जो कायम ‘सारं खोटं राहते बे’ म्हणायचा, तो उठून बाहेर गेला. हे एवढं लागलं कशामुळं? तो आठवड्याच्या आठवड्याला समोर होता म्हणून. तीन महिन्यांनी येणाऱ्यानं पट्टा ठेवला असता तर आम्ही म्हटलो असतो, बरं झालं, आता तरी कोणी येईल.

लाल_माती

हे मातर खरं हाय. तो पोट्टा बाहेर गेला म्हनता, तिथं मी हारलो.

पन एक. तोच रेन्स पुढं २०२० च्या रेसलमेनियात तब्येतीपायी खेळला नाई. असा मानूस नंतर कमी आला तं त्याले कामचोर म्हनाचं का? सर्वाईले एकच फूटपट्टी नोको.

राईट_रेडर

कामचोर कोणी म्हटलं नाही काका. येता येत नसेल तर पट्टा खाली ठेवायचा. त्यानंच २०१८ मध्ये ठेवला होता.

मंडईचा_पडदा (गडचिरोली)

यावर जुनाच एक तोडगा आहे, अन् तो चाललेला आहे. २०१५ मध्ये जॉन सीनाकडे मोठा पट्टा नव्हता, युनायटेड स्टेट्स पट्टा होता. तो रॉवर यायचा अन् म्हणायचा, कोण येतो या. खुलं आव्हान. सामी झेन त्याच्याच मॉन्ट्रियलमध्ये असाच आला. केव्हिन ओवेन्स रॉवर पहिल्यांदा दिसला तोही या आव्हानातच. लोक मोठा पट्टा विसरून याची वाट पाहायला लागले. म्हणजे दुसऱ्या नंबरचा पट्टा दर आठवड्याला लढवा, मोठा मोठ्या मेळ्याला.

पत्तेवाला_९८

सामी झेनचा खांदा त्याच रात्री गेला होता, तेवढं काकांच्या वहीत लिहून ठेवा.

लाल_माती

लिवलं.

जागलीवाला

तोडगा चांगला आहे, पण मग छोटा पट्टाच मोठा झाला की! ज्याच्यासाठी मी साडेपाचला डोळे चोळतो तोच मोठा. मोठ्या पट्ट्यावाल्यानं निदान दहा मिनिटं तोंड दाखवावं, यावरून मी हलत नाही. मोठ्या पट्ट्यावरचं सीनाचंही २०२५ मधलं शेवटचं राज्य, एप्रिल ते ऑगस्ट, मोजक्या तारखांचंच होतं. निवृत्तीचं वर्ष म्हणून मी बोललो नाही. पुढच्याला सोडणार नाही.

काका, तुमच्या दंगलीत यंदा शेवटची कुस्ती किती वाजता आहे? जागल सोडून यायचं म्हणजे टाइम पाहून निघावं लागेल.

लाल_माती

पत्रिकेवर चारले छापली हाय. तू सहाले ये.