सल्ला हवा: मार्सेल यांकोविच यांचे अ‍ॅनिमेशनपट कोणत्या क्रमाने दाखवावेत?

रेघोटी
हंगेरीचे अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक मार्सेल यांकोविच (१९४१–२०२१) यांच्या कामावर दोन तासांचा कार्यक्रम ठरतोय. बघणारी मंडळी अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या वर्षाची. प्रोजेक्टर आणि बरे स्पीकर आहेत. काय घ्यावं, काय सोडावं, प्रत कुठली? सालवार जावं असा बेत आहे.

चौकट२४
सालवार नका जाऊ. तसं गेलात तर १९७३ चा 'यानोश वितेझ' आधी लागेल आणि सव्वा तास त्यातच संपेल. हंगेरीतला हा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट, हंगेरियन कवी पेतोफीच्या दीर्घकाव्यावरचा. महत्त्वाचा आहेच, पण पहिल्यांदाच बघणाऱ्याला त्यात सजावट आधी दिसते आणि यांकोविच नंतर.

'सिसिफस'ने (१९७४) सुरू करा. जेमतेम दोन मिनिटं. ग्रीक पुराणातला माणूस प्रचंड दगड चढावर ढकलतोय, एवढंच. पांढरा कागद, काळ्या शाईची कुंचल्याची रेघ, आणि आवाज म्हणाल तर माणसाचं धापणं-कण्हणं. याला ऑस्करचं नामांकन होतं. सलग दोनदा दाखवा. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवा आणि रेघेची जाडी बघायला सांगा. जोर वाढला की रेघ फुगते, दम गेला की केसाएवढी होते. स्नायू कुठेही 'काढलेले' नाहीत. शेवट आधी सांगू नका, फुकट जाईल.

मग 'क्युझ्दोक' (१९७७). शिल्पकार पुतळा घडवतो आणि पुतळा शिल्पकाराला. तोही दोन-अडीच मिनिटांचाच, आणि कान महोत्सवातला लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, याने मिळवला. दोन्ही मिळून पाच मिनिटं, चर्चा धरून वीस. त्यानंतर थेट 'फेहेरलोफिया' (१९८१), म्हणजे 'पांढऱ्या घोडीचा मुलगा', हा पूर्ण लांबीचा चित्रपट.

रंगारी_दुपारचा
क्रमाला दुजोरा. फक्त 'फेहेरलोफिया'च्या आधी 'माग्यार नेपमेशेक'चा एक भाग घुसवा. हंगेरियन लोककथांची ही शंभर भागांची मालिका, केच्केमेत इथल्या स्टुडिओत झालेली. भाग सात-आठ मिनिटांचे, इंग्रजी आवाजातले यूट्यूबवर सहज मिळतात. भरतकाम आणि रंगवलेल्या लाकडी सामानावरची नक्षी हलती कशी केली ते यात दिसतं. भाग निवडताना श्रेयनामावली बघा. मालिकेची घडी यांकोविचनी बसवली, पण सगळे भाग काही त्यांनी दिग्दर्शित केलेले नाहीत.

चौकट२४
बरोबर. आणि त्याचा फायदा 'फेहेरलोफिया'त होतो. गोष्ट लोककथेचीच: पांढऱ्या घोडीचे तीन मुलगे, झाडं उपटणारा, दगड चुरणारा, लोखंड मळणारा, आणि पाताळात तीन राजकन्या. मांडणी मात्र वेगळीच. आकृत्यांना काळी बाह्यरेषाच नाही. रंगाला रंग भिडतो तिथे कड तयार होते. दृश्यं कापून बदलत नाहीत, एक आकार वितळून दुसरा होतो. बारा डोक्यांचा राक्षस येतो तो गगनचुंबी इमारतींचं शहर होऊन. तिथे कुणी ना कुणी 'अरेच्चा' म्हणतंच.

दोन सूचना आधीच द्या. लखलखणारे रंग भरपूर आहेत, अपस्माराचा त्रास असलेल्यांना सांगून ठेवा. आणि जन्म-कामभावनेची प्रतीकं उघड आहेत. 'परीकथा आहे' म्हणून कुणी लहान भावंडं घेऊन येऊ नये.

पट्टीखालचा
प्रतीबद्दल. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या प्रती फिक्या आहेत, लाल रंग विटकरी होतो. या चित्रपटात कडाच रंगाने बनतात, त्यामुळे रंग गेला की चित्रच गेलं. पुनरुद्धारित ४के प्रतच घ्या. अमेरिकेत आर्बेलोस या वितरकाने तिची ब्लू-रे काढली आहे. मागवण्याआधी रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे ते, तपासा: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. साध्या प्लेअरवर दुसऱ्या रीजनची डिस्क अडकते, आणि हे कळतं नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी.

प्रोजेक्टरवर तीन गोष्टी करा. मोशन स्मूदिंग बंद. हाताने काढलेलं काम बरंचसं एका चित्राला दोन चौकटी अशा हिशेबाने असतं. यंत्र मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतं आणि 'सिसिफस'ची रेघ धुरकट होते. दुसरं, 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' मोड लावा. तिसरं, झूम करून पडदा भरायचा मोह नको. चौकट जवळपास ४:३ आहे, डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. झूम केलंत तर वरची डोकी जातील.

रेघोटी
फार उपयोगी. 'माणसाची शोकांतिका' नावाचा मोठा चित्रपट पूर्ण वगळायचा का? आणि नंतर सराव काय द्यावा?

रंगारी_दुपारचा
पूर्ण नका दाखवू. मदाच यांच्या नाटकावरचा आहे, १६० मिनिटं, आणि संवाद इतके दाट की नजर उपशीर्षकांवरच खिळते. काम १९८८ ला सुरू झालं आणि चित्रपट २०११ ला आला. हंगेरीतली साम्यवादी राजवट गेल्यावर पैसा आटला, मग जमेल तसा एकेक प्रवेश पुरा होत गेला. गंमत म्हणजे २००८ मध्ये जनरल मोटर्सने 'सिसिफस' सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) जाहिरातीसाठी घेतला, आणि अडलेल्या पैशांपैकी मोठा वाटा तिथून आला. दोन मिनिटांच्या फिल्मने १६० मिनिटांची फिल्म ओढून नेली! मुलांना हे जरूर सांगा, धंद्याचं शिक्षण आहे. इजिप्तचा आणि ग्रीसचा प्रवेश दाखवा, दोन्ही त्या त्या काळाच्या चित्रशैलीत आहेत. उपशीर्षकं बंद ठेवलीत तरी चालेल.

चौकट२४
सरावाला 'सिसिफस'चाच धडा. १२० जीएसएम जाडीचे २४ कागद, पेगबार (कागदाची भोकं अडकवायची खुंट्यांची पट्टी), ६ नंबरचा गोल कुंचला, काळी शाई. दोन-दोन चौकटींवर धरलं तर सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने दोन सेकंद होतात. वाटणी अशी: वाकून जोर घेणं ६ चित्रं, वर ढकलणं १०, थबकणं ५, घसरणं ३. घसरण्याला जास्त चित्रं दिली की दगड फुग्यासारखा तरंगतो.

हमखास बिघडतं ते इथे: मुलं लाइटबॉक्सवर (खालून उजेड असलेल्या काचेवर) आधीचं चित्र गिरवतात. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची होते आणि वजन नाहीसं होतं. त्याऐवजी पेन्सिलने फक्त टाच, कंबर, खांदा आणि डोकं यांचे चार ठिपके द्या आणि रेघ एका दमात ओढायला लावा. दाब टाचेवर आणि दगडाला भिडलेल्या खांद्यावर. पातळ कागद शाईने आकसतो, भोकं सरकतात आणि चित्र उगाच थरथरतं. म्हणून जाड कागद, आणि तो सपाट वाळवायचा, दोरीवर टांगायचा नाही.

मूळ फिल्म तपासायला व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबा, एकेक चौकट पुढे जाते.

पट्टीखालचा
वेळ उरलाच तर फेरेंत्स रोफुस यांची 'माशी' (१९८०) जोडा. तीन मिनिटं, सगळं माशीच्या नजरेतून, त्यामुळे हलते ती अख्खी पार्श्वभूमीच, आणि तीही हाताने काढलेली. हंगेरीच्या चित्रपटाला मिळालेलं पहिलं ऑस्कर हिचं. पण तिला 'फेहेरलोफिया'च्या नंतर ठेवू नका. तेवढ्या रंगांनंतर ती मटकन बसते. 'क्युझ्दोक'च्या पाठोपाठ लावा.