मदत हवी आहे: क्रीटमध्ये मुक्काम कुठे करावा?

सप्टेंबरअखेर आईबाबांना घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचं ठरतंय, सँटोरिनी मुद्दाम वगळलंय, तिथली गर्दी नको. बाबांना क्नोसॉसचा मिनोअन (क्रीटमधली कांस्ययुगीन संस्कृती) राजवाडा आणि हेराक्लिओन शहराच्या म्युझियममधली फायस्टोस डिस्क (अजून न उलगडलेल्या चिन्हांची मातीची प्राचीन तबकडी) बघायचीच आहे, मला एलाफोनिसी किनाऱ्याची गुलाबी वाळू, पण ती पार नैऋत्य टोकाला आणि बेट चांगलं २६० किमी लांब! मग हेराक्लिओन आणि पश्चिमेकडचं हानिया शहर असे दोन मुक्काम करावेत का? गाडी चालवायची नाहीये, बसने जमतं का? समारियाची घळ म्हणजे १६ किमी चालणं, आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही, तसेच डोंगर दिसतील असं काही सोपं सुचवा ना. आणि क्नोसॉसला गाइड हवाच का? तिथे उत्खनन करणाऱ्या आर्थर एव्हान्सने काँक्रीट वापरून बरंच काही नव्याने उभं केलंय, त्यात मूळ कुठलं ते नुसतं बघून कळतं का?