मध्ययुगीन महाराष्ट्रातील शिष्टाचार आणि समूहकला : अभ्यासपूर्ण ग्रंथ कोणते वाचावेत?

प्रश्न – वाचनखूण

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात मी दाऊद अली यांचा प्राचीन व आरंभीच्या मध्ययुगीन भारतातील दरबारी संस्कृतीवरचा ग्रंथ (2004) वाचला आणि त्याला जोडूनच एमा फ्लॅट यांचा दख्खनी सुलतानांच्या दरबारांवरचा ग्रंथ (2019) हाती घेतला. पहिल्यात संस्कृत जग आहे, दुसऱ्यात फारसी वळणाचे. पण कोणी कोठे बसावे, विडा कोणी कोणाला द्यावा, कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावे हे नुसते सोपस्कार नव्हते, सत्तेचा रोजचा व्यवहारच त्यांतून चालत असे, ही गोष्ट दोन्ही ग्रंथांनी चांगली पटवून दिली. अडचण एवढीच की दोन्ही ग्रंथ राजवाड्याच्या देवडीबाहेर फारसे पडत नाहीत. मला यादवकाळापासून शिवकाळापर्यंतच्या महाराष्ट्रातील गावच्या चावडीत, मठात, पंगतीत आणि ओसरीवर माणसे एकमेकांशी कशी वागत, हे समजून घ्यायचे आहे.

दुसरी बाब गोंधळ, कीर्तन, भारूड, चित्रकथी यांसारख्या समूहाने जपलेल्या कलांची. ग्रंथालयात ही पुस्तके 'लोकसाहित्य' या कपाटात असतात आणि समाजजीवनावरची 'इतिहास' या कपाटात. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असे मला राहून राहून वाटते, पण तो दाखवून देणारे लेखन अजून सापडलेले नाही. मी व्यवसायाने हिशेबतपासनीस असून इतिहासाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. तेव्हा मराठी किंवा इंग्रजी ग्रंथ आणि मूळ साधनांच्या विश्वासार्ह आवृत्त्या कृपया सुचवाव्यात.

उत्तर – जुनी पोथी

आपण 'शिष्टाचार' असे नाव असलेला ग्रंथ शोधत असाल, तर हाती फारसे लागणार नाही. या विषयाची सामग्री भलत्याच कामासाठी लिहिलेल्या ग्रंथांत विखुरलेली आहे, त्यामुळे प्रत्येक साधन कोणत्या हेतूने लिहिले गेले, याचे भान ठेवून वाचावे लागते. सुरुवातीला दोनच मूळ ग्रंथ घ्यावेत, आणि ते शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाळ 1126 ते 1138) याच्या नावावर असलेल्या या संस्कृत ग्रंथात पाच विंशती (वीस-वीस अध्यायांचे विभाग) आणि शंभर अध्याय आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली आवृत्ती तीन खंडांत निघाली आणि पहिल्या खंडापासून (1925) तिसऱ्यापर्यंत पोहोचायला 1961 साल उजाडले. राजाने काय भोगावे आणि मन कसे रमवावे, याचे वर्णन करताना ग्रंथकार स्वयंपाकघरातही शिरतो. तापलेल्या खापरावर भाजलेल्या मांड्यांची कृती तिथे आहे. खानदेशात आजही खापरावर पुरणाचे मांडे होतात, तेव्हा हा भाग वाचताना परके काही वाचत आहोत असे वाटत नाही. आपल्या दुसऱ्या विषयासाठीही याच ग्रंथातली एक नोंद मोलाची आहे : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे तो सांगतो. तरीही हा आदर्शांचा ग्रंथ आहे. काय व्हावे हे तो सांगतो; काय होत होते हे त्यावरून ठरवण्याची घाई करू नये.

दुसरा ग्रंथ 'लीळाचरित्र'. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसामाणसाला भेटून, विचारून गोळा केल्या. इथे कोणी शिष्टाचार शिकवायला बसलेले नाही, म्हणूनच तो पानोपानी दिसतो. दिवसाचा क्रम कसा येतो पाहा : पूजा, आरोगणा म्हणजे जेवण, मग गुळुळा म्हणजे चूळ, मग विडा, मग पहुड म्हणजे निजणे. हे शब्द इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे येतात की काही दिवसांनी वाचकाच्याच तोंडी बसतात. कोण बिऱ्हाडाला आला, कोणाला आसन मिळाले, भिक्षेचे अन्न कोणी कसे वाटून घेतले, कोण रुसले, कोणाची समजूत कशी काढली गेली, हे सारे संभाषणांतून कळते. एखाद्या प्रसंगाची आठवण दोघांनी वेगळी सांगितली असेल, तर तो पाठभेदही नोंदवलेला सापडतो. वि. भि. कोलते यांची आवृत्ती (1978) किंवा शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती घ्यावी. जुनी मराठी अडली तर तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश जवळ ठेवावा. तो चाळत बसले की संध्याकाळ कुठे जाते ते कळत नाही, एवढा धोका मात्र आहे.

यांवरच्या अभ्यासांपैकी मु. ग. पानसे यांचे 'यादवकालीन महाराष्ट्र' आणि सुमन बेलवलकर यांचे 'लीळाचरित्रातील समाजदर्शन' ही दोन पुस्तके आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची आहेत. ख्रिश्चन नोव्हेत्स्के यांचा 2016 चा ग्रंथ लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी एकत्र घेऊन मराठीतून एक सार्वजनिक विश्व कसे उभे राहिले ते सांगतो. युक्तिवाद दमदार आहे, पण त्यांची नजर भाषा, जात आणि स्त्रिया यांविषयीच्या मोठ्या प्रश्नांवर असल्याने ताटवाटीचा तपशील तिथे शोधू नये.

उत्तर – समासातला

पोथीवाल्यांनी एक सोपे पुस्तक वगळले, ते बहुतेक घरात असल्यामुळेच. 'दासबोधा'चा दुसरा दशक काढावा. त्यातले मूर्खलक्षण आणि उत्तमलक्षण हे समास सतराव्या शतकातल्या मराठी माणसाने रस्त्यात, सभेत, परक्या घरी कसे वागावे याची सरळ यादी आहेत. वाट विचारल्यावाचून जाऊ नये, ओळख पटल्यावाचून फळ खाऊ नये, इतक्या बारीक पातळीवरची. मग चौथ्या दशकातला दुसरा समास वाचावा, तो कीर्तनाविषयी आहे. कीर्तन कसे करावे हे सांगणारा आणि चारचौघांत कसे वागावे हे सांगणारा माणूस एकच आहे, भाषाही तीच आहे. आपली दोन कपाटे निदान इथे तरी एक झालेली दिसतात. आपण हा ग्रंथ पारायणासाठी वाचतो, साधन म्हणून वाचत नाही, ही आपलीच खोड.

उत्तर – मोडीवाचक

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु दोन्हींत एक उणीव आहे : ती ग्रंथकारांच्या जगात राहतात. प्रश्नकर्त्यांना चावडी हवी आहे आणि चावडीचे कागद वेगळे असतात. गावकीच्या संदर्भात 'शिष्टाचार' हा शब्दही बाजूला ठेवावा. कागदांत जो शब्द येतो तो 'मान' किंवा 'मानपान', आणि हा मान वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, भाग असल्यामुळे तो विकता येई, वाटून घेता येई आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडताही येई.

अर्धी पाटिलकी विकल्याचे एखादे खरेदीखत काढून पाहा. जमिनीच्या आणि हक्कांच्या तपशिलानंतर मानपानाची कलमे सुरू होतात : टिळा आणि विडा आधी थोरल्या तक्षिमदाराला (वाटेकऱ्याला), मग धाकट्याला, होळीची पोळी कोणाची, पोळ्याला बैल कोणाचे पुढे, की दोघांचे बरोबरीने, दसऱ्याला आपट्याची पूजा कोणी करायची, आणि वाजंत्री आधी कोणाच्या दारी वाजायची. या शेवटच्या कलमाकडे प्रश्नकर्त्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे. सणाच्या दिवशी वाद्य कोणाच्या अंगणात आधी वाजले, यावरून गावाला त्या घराचा दर्जा कळत असे. वाजवणाराही बहुधा वतनदारच असल्यामुळे त्याचे वाजवणे ही एकाच वेळी कला, हक्क आणि कर्तव्य होती. आपण विचारता तो शिष्टाचार आणि समूहकला यांचा संबंध त्या एका ओळीत लिहिलेला आहे, आणि तो इतिहासकाराने नव्हे, तर गावच्या कुळकर्ण्याने लिहिला आहे.

तंटा झाला की गोत, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, बसे आणि निवाड्याचा महजर (साक्षीदारांच्या नावांसह लेख) होई. त्यावर ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी करत : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. बोरूच्या दोन-चार फटकाऱ्यांत काढलेला तो नांगर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मजकूर सोडून बराच वेळ त्या चित्राकडेच पाहत बसलो होतो. साक्षीदारांची नावे कोणत्या क्रमाने येतात, हासुद्धा मानाचाच भाग आहे, म्हणून छापील प्रतीत नावांची ओळ गाळून पुढे जाऊ नये.

असे कागद इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांत आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या 'शिवचरित्रसाहित्या'त मुबलक छापलेले आहेत, मोडी येण्याची गरज नाही. अभ्यासग्रंथांत हिरोशी फुकाझावा यांचा मध्ययुगीन दख्खनवरचा लेखसंग्रह (1991) आधी वाचावा. गावगाडा, बलुतेदार आणि जातीविषयक निवाडे यांवर इतक्या शिस्तीने लिहिणारा दुसरा अभ्यासक मला माहीत नाही, आणि हे काम एका जपानी माणसाने केले, याचा आपण थोडा विचार करायला हरकत नाही. अ. रा. कुलकर्णी यांचे 'शिवकालीन महाराष्ट्र' मराठीतच आहे. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (1915) वाचनीय आहे यात शंका नाही, पण तो इंग्रजी अमलातल्या, विस्कटत चाललेल्या गावाचे चित्र आहे आणि लेखक महसूल खात्यात काम केलेला आहे. त्याला मध्ययुगाचा साक्षीदार मानू नये.

वाचनखूण

मोडीवाचकांचे विशेष आभार. वाजंत्रीच्या कलमाने माझा निम्मा प्रश्न सोडवला. हिशेबतपासनीस असल्यामुळे खरेदीखताची कलमे वाचणे मला संस्कृत श्लोकांपेक्षा सोपे जाईल असेही वाटते. आता दुसऱ्या निम्म्याविषयी कोणी लिहील का? गोंधळ खरोखर चालुक्यांच्या काळापासून आहे, असे बऱ्याच ठिकाणी छातीठोकपणे लिहिलेले आढळते. त्याला आधार काय?

उत्तर – दिवटी

आधार आहे, पण लोक समजतात तेवढा भक्कम नाही. 'मानसोल्लासा'त 'गोंडली' नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो. पुढे तेराव्या शतकात काकतीयांच्या पदरी असलेल्या जायसेनापतीने 'नृत्तरत्नावली'त त्याची हकिगत दिली आहे, ती अशी की कल्याणीला भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषात नाचणारी स्त्री सोमेश्वराने पाहिली आणि त्या नृत्याला हे नाव मिळाले. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही हे नृत्य येते. म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकांत गोंडली नावाचे नृत्य होते, एवढे पक्के. ते एका स्त्रीचे नृत्य, आणि आजचा गोंधळ म्हणजे पुरुषांनी संबळ-तुणतुण्यावर, पेटत्या दिवटीसमोर घातलेले देवीचे विधिनाट्य. नुसत्या नावाच्या साम्यावर आठशे वर्षांचा पूल बांधण्याआधी मधले दगड दाखवावे लागतात.

रा. चिं. ढेरे यांचे 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' (1964) यासाठीच वाचावे. गोंधळी, वाघ्या-मुरळी, वासुदेव, पोतराज अशा उपासक-कलावंतांवरची ती प्रकरणे आहेत आणि संतसाहित्यातले उल्लेख ढेरे ज्या चिकाटीने गोळा करतात, त्यातून हे मधले दगड मिळू लागतात. त्यांचे धाडसी तर्क सगळेच मान्य करावेत असे नाही. मात्र त्यांनी दिलेले उतारे मूळ ग्रंथात जाऊन पाहण्यासारखे असतात. धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा-बिरोबाच्या उपासनेसाठी गुंथर सोंथायमर यांचा पश्चिम भारतातील पशुपालकांच्या दैवतांवरचा ग्रंथ आहे (मूळ जर्मन 1976, इंग्रजी 1989). एकनाथांची भारुडे तर सोळाव्या शतकातल्या रस्त्यावरच्या कलावंतांची हजेरीच आहेत : जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या ज्या ढंगात बोलत त्याच ढंगात ती लिहिलेली आहेत. आणि चित्रकथीही जुनीच; चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख 'मानसोल्लासा'त आहे, आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत आजही हे काम करतात.

मोडीवाचकांच्या मुद्द्याला माझ्या घरातली जोड देतो. लग्नानंतर आमच्याकडे गोंधळ असतो. चौक भरून घट मांडला की गोंधळी पहिल्यांदा कथा सांगत नाहीत, आवतण देतात : तुळजापूरच्या भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरच्या लक्ष्मी गोंधळाला ये, जेजुरीच्या खंडोबा गोंधळाला ये. एकेक गावचे दैवत, एकेक हाक. एकदा आमच्या आजीने त्यांना मध्येच थांबवले, कारण कुलदैवताच्या आधी दुसऱ्याचे नाव घेतले गेले होते. मुख्य गोंधळ्याने काही न बोलता संबळ थांबवला, हात जोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

वाचनखूण

आधी फुकाझावा आणि 'शिवचरित्रसाहित्या'चे खंड मागवतो, लीळाचरित्र त्याबरोबर रोज दोन-तीन लीळा. दिवटी यांना एक विचारायचे राहिले : आपल्याकडे आवतणाचा क्रम कोठे लिहून ठेवलेला आहे, की तो फक्त आजींनाच पाठ होता?

दिवटी

लिहिलेला नव्हता. आजी गेल्यावर गोंधळ्यांनाच विचारून आम्ही तो वहीत उतरवून घेतला.